उतरलेलं पदक

आईनं साहेबाचं पदक परत केलं त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी घरी पाहुणे आले की नवरा अजून तो किस्सा काढतो आणि शेवटी म्हणतो, "आईंनी जरा समजून घ्यायला हवं होतं." मी दर वेळी सांगते की आईनं समजून घेतलं म्हणूनच परत केलं. न समजणारी बाई असती तर आभार मानून घेऊन बसली असती. नवरा विषय बदलतो, कारण त्याला माझा स्वभाव माहीत आहे, आणि माझा स्वभाव कुणाकडून आला हेही माहीत आहे.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी ओमानात, मस्कतच्या रुवी भागात एका बांधकाम-साहित्याच्या कंपनीत सेक्रेटरी होते. नवरा इंजिनियर, सोहारच्या औद्योगिक वसाहतीत. बुधवारी रात्री यायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी परत जायचा. मुलीचा जन्म झाला तेव्हा आई व्हिजिट व्हिसावर आली. महाडच्या बाजूचं आमचं गाव, आईचं सासर-माहेर एकाच वस्तीत. विमान तर सोडाच, त्याआधी तिनं पुण्यापलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. पण मस्कतच्या विमानतळावर उतरल्यावर पहिलं वाक्य काय बोलली, तर "एवढं ऊन हाय तर रस्त्याला झाडं का लावत नाय हे लोक?" जिथं जाईल तिथं आधी जाब विचारायचा, ही तिची रीत.

ऑफिसात माझ्या टेबलासमोरच्या केबिनमध्ये एक म्हातारा इंग्रज साहेब बसायचा. हुद्दा प्रशासन सल्लागार. वय सत्तरच्या पुढे. तरुणपणी हिंदुस्थानी फौजेत लेफ्टनंट होऊन बर्मात लढला, मग आणखी दोन-तीन देशांत, आणि शेवटी सुलतानाच्या सैन्यात कंत्राटी अधिकारी म्हणून ओमानच्या दक्षिणेतल्या डोंगरांत. युद्ध संपलं, कंत्राट संपलं, पण तो परत गेला नाही. इंग्लंडात त्याचं कुणी उरलं नव्हतं, आणि तिथल्या थंडीला तो शिव्या घालायचा. सकाळी सातला हजर. शिपायापासून मॅनेजरपर्यंत प्रत्येकाच्या शर्टाची बटणं तपासायचा. बोलायचा छावणीतलं जुनं हिंदुस्थानी, मधेच अरबी "यल्ला", म्हणजे चला, आणि "खलास". कंपनीच्या नव्या मॅनेजरनं एकदा सुचवलं होतं की तुमची पदकं काचेच्या कपाटात ठेवून रिसेप्शनमध्ये लावू या, पार्ट्यांवर छाप पडेल. साहेब म्हणाला, "मैं मर जाऊँ, फिर मुझको ही लगा दो." तो विषय तिथंच संपला.

ती पदकं तो वर्षातून एकदाच घालायचा, नोव्हेंबरात, त्यांचे लोक लढाईत मेलेल्यांची आठवण करतात त्या दिवशी. सकाळी प्रार्थनेला जायचा आणि तसाच कोट घालून ऑफिसला यायचा. त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी आई मुलीला डोस देऊन परत जाताना माझ्या ऑफिसात टेकली. साहेब केबिनमधून बाहेर आला. गडद निळा कोट, डाव्या छातीवर एका ओळीत आठ पदकं. दोन पितळी तारे, मग चांदीची गोल पदकं, आणि सगळ्यात शेवटी खंजिराचं चिन्ह असलेली सुलतानाची दोन. आई उठून उभी राहिली. मला वाटलं, नमस्कार करणार. ती सरळ त्याच्यापुढे गेली, ताऱ्याकडे बोट केलं आणि मला म्हणाली, "इचार त्याला, हे कशाबद्दल मिळालं."

साहेब म्हणाला, "बर्मा."

"माजा बापपन बर्माला व्हता. चार वर्सं. मग त्याला का नाय मिळालं?"

मी भाषांतर करायच्या आधीच साहेबाला ते कळलं. त्यानं आईला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला आणि विचारलं, "कौनसी पलटन?"

पलटणीचं नाव आईला ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की तिचा बाप रस्ते बांधायचा, डोक्यावरून सामान वाहायचा, आणि बरोबर सगळी आपलीच माणसं होती. बेचाळीस साली गेला, सेहेचाळीस साली परत आला. अंगावर लष्कराचा खाकी कोट. त्याच्या आयुष्यात दुसऱ्याच्या अंगावरून न उतरलेला तो पहिला कपडा. गावात सांगायचा की मी लढाईवर होतो, सरकार मला बिल्ले पाठवणार आहे. बिल्ले आले नाहीत. मग गाव हसायला लागलं. कसली लढाई, साहेबांच्या तंबूपुढे झाडू मारत असेल, असं तोंडावर म्हणायचे. आई बारा वर्षांची असताना तो गेला, आणि जाईपर्यंत गावाच्या लेखी खोटारडाच राहिला. आईला पदकांचं कौतुक नव्हतं. बाप खोटं बोलत नव्हता, एवढं तिला कुठूनतरी लिहून हवं होतं. आमचं अख्खं बालपण आम्ही हे ऐकलं होतं. खरं सांगायचं तर कंटाळलोही होतो.

साहेबानं सगळं ऐकून घेतलं. दोन शुक्रवारांनंतर त्यानं मला विचारलं की शुक्रवारी दुपारी तुमच्याकडे जेवायला आलो तर चालेल का. नवऱ्याची पाचावर धारण बसली. त्या दिवशी सकाळपासून त्यानं तीनदा फरशी पुसली. आईनं मात्र रोजचंच केलं: भाकरी, डाळ, सुकटीची चटणी. साहेब मांडी घालून खाली बसला, गुडघे कुरकुरले तरी बसला, आणि चटणी मागून घेतली. जेवण झाल्यावर त्यानं खिशातून एक पाकीट काढून आईपुढे ठेवलं. आत तारा होता, रिबिनीसकट. कोटावरच्या पट्टीचे टाके कापून त्यानं तो सुटा करून आणला होता.

"सब एक जैसा है," तो म्हणाला. "इस पर नाम नहीं लिखा. तुम्हारे बाप का होता तो बिल्कुल ऐसा ही होता. रख लो."

त्याचे डोळे भरले होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तो दिखावा करत नव्हता. पन्नास वर्षं छातीवर बाळगलेली वस्तू तो देऊन टाकत होता. आईनं तारा हातात घेतला, पालथा करून पाहिला आणि मला विचारलं, "हे त्याच्या कोटावरचंच ना?"

"हो."

तिनं तारा पाकिटात घातला आणि पाकीट साहेबाच्या ताटाशेजारी ठेवलं. "त्याला सांग, आमी उतरलेलं घेत नाय."

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या आजोबा-पणजोबांनी पिढ्यान् पिढ्या उतरलेलं घातलं. गावातल्या कुणाचं फाटलेलं धोतर, मेलेल्याच्या अंगावरचं कापड, लग्नातलं उरलेलं अन्न. देणारा प्रेमानं दिलं म्हणायचा आणि घेणाऱ्यानं वाकून घ्यायचं. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा आई अठराची होती. त्या वर्षी तिनं आणि वस्तीतल्या बायांनी घरातलं होतं नव्हतं ते सगळं उतरलेलं कापड ओढ्याकाठी नेऊन जाळलं. त्या थंडीत दोन महिने पोरं गोणपाटात झोपली. तेव्हापासून आईनं कुणाची वापरलेली टाचणीसुद्धा घेतलेली नाही. आम्हा भावंडांना एकमेकांचे कपडे घालायचीही बंदी होती. त्यापायी वडील कर्जबाजारी व्हायची वेळ आली, पण तिनं ऐकलं नाही.

मी सेक्रेटरी बाई. साहेबाला उलट उत्तर जाऊ नये, याचाच मला पगार मिळायचा. मी इंग्रजीत गोडगोड करून सांगितलं की आई म्हणते, ही फार मोलाची वस्तू आहे, आम्हाला झेपणार नाही. नवऱ्यानं सुटकेचा श्वास सोडला. पण आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण मी कधी शेपूट घालते ते तिला लहानपणापासून येत होतं.

"नीट सांग," ती म्हणाली. "मी बोलले तेवढंच. नायतर मी हिंदीत सांगते."

मग मी सांगितलं. उतरलेलं म्हणजे काय, कोण देतं, कोण घेतं, आणि आम्ही का घेत नाही. सांगता सांगता माझाच आवाज चढत गेला. ऑफिसात ज्या माणसासमोर मी चार वर्षं मान खाली घालून उभी राहिले, त्याला मी माझ्या घरात ताठ बसून हे सांगत होते आणि मला अजिबात भीती वाटत नव्हती. साहेबाचा चेहरा लाल झाला. त्यानं पाकीट खिशात घातलं, आईला वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. नवरा म्हणाला, "गेली तुझी नोकरी."

नोकरी गेली नाही. शनिवारी सकाळी साहेबानं मला आत बोलावलं, दार लावलं आणि बराच वेळ टेबलावरच्या कागदांची चवड सरळ करत बसला. मग जे बोलला ते इंग्रजीत. लढाई संपल्यावर पदकांचे अर्ज भरायचे होते. त्यानं स्वतःचा अर्ज पहिल्याच दिवशी भरला. हाताखालच्या शिपायांचे अर्ज कारकुनावर सोपवून तो सुट्टीवर निघून गेला. भरले गेले की नाही, हे त्यानं पुढे कधी विचारलंच नाही. "ज्यांनी बांधलेल्या रस्त्यावरून मी चालत गेलो त्यांची तर मी नावंही विचारली नव्हती," तो म्हणाला. माझं सांत्वन त्याला नको होतं आणि मी ते केलंही नाही. त्यानं टाईपरायटरकडे हात केला. "यल्ला. लिखो."

आईनं इथंही अट घातली. अर्ज तिच्या नावानं जाणार, तिच्या सहीनं आणि मराठीत. साहेबाला काय लिहायचं ते त्यानं सोबत वेगळ्या कागदावर लिहावं. साहेब आयुष्यभर हुकूम सोडत आलेला. पण तो "ठीक है" म्हणाला आणि पाठिंब्याच्या पत्रात आईचा उल्लेख अर्जदार असाच केला. पहिलं पत्र हिंदुस्थानातल्या रेकॉर्ड ऑफिसला गेलं. उत्तर आलं, लंडनला विचारा. लंडननं लिहिलं, दिल्लीला विचारा. या टोलवाटोलवीवर साहेबाला असा जोर चढला की मॅनेजरच्या मीटिंगा सोडून तो ही पत्रं लिहायला बसायचा. तिसऱ्या खेपेला उत्तर आलं: या क्रमांकाचा कुणी शिपाई आमच्या नोंदीत नाही.

क्रमांक आईनं तोंडपाठ सांगितलेला होता. बापाची कागदपत्रं वाळवीनं खाल्ली, पण त्यानं स्वतःचा फौजी नंबर लेकीकडून पाढ्यासारखा घोकून घेतला होता. मी आईला परत परत विचारलं. ती बोटं मोजत तेच आकडे सांगायची. पन्नास वर्षांपूर्वीचा नंबर. चुकला असेल, सोडून दे, असं मी म्हटलं. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

साहेबानं तिला ऑफिसात बोलवून घेतलं. बाप हा नंबर कसा विचारायचा, असं विचारलं. आई म्हणाली, दारातून आत येताना ओरडायचा, आणि मी जिथं असेन तिथं उठून सांगायचे. साहेब केबिनबाहेर गेला. दार लोटलं, परत उघडलं, आणि दारात ताठ उभा राहून त्यानं अशी हाळी दिली की बाहेरच्या अकाउंटंटच्या हातातून कप पडला.

"नंबर!"

आई खुर्चीतून उठली. हात अंगाला चिकटले, हनुवटी वर, आणि हिंदुस्थानीत, एका दमात, ठेक्यात तिनं नंबर म्हटला. मला सांगताना ती सहा आकडे सांगायची. या वेळी सात आले. मधला एक आकडा दुसऱ्याला जोडून म्हणायचा होता. बोटांवर मोजताना तो हरवत होता, ठेक्यात आपोआप आला. साहेबानं तो हातावरच लिहून घेतला. आई खाली बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली. "त्याचा आवाज असाच व्हता," एवढंच म्हणाली. मीही रडले, आणि ते अकाउंटंटनं पाहिलं याची मला मुळीच लाज वाटली नाही.

दोनदा वाढवून घेतलेला व्हिसा संपला, आई गावी गेली. आठ महिन्यांनी कंपनीच्या पोस्टबॉक्समध्ये जाड लिफाफा आला. आजोबाचं नाव, नंबर, पलटण, बर्मातली चार वर्षं, सगळं त्यात होतं. दोन तारे आणि एक गोल पदक मंजूर होतं. नुसतं मंजूर नव्हे. एकोणपन्नास साली ते पाकीट गावच्या पत्त्यावर पाठवलेलंही होतं. ते परत आलं होतं आणि तेव्हापासून गोदामात पडून होतं. शेरा होता: घेणारा आढळला नाही.

मी गावातल्या किराणा दुकानात फोन लावला आणि आईला बोलवून घेतलं. शेरा वाचून दाखवला. 

"आढळला नाय?" ती म्हणाली. "दर सोमवारी पोस्टाच्या पायरीखाली उभा असायचा. मी त्याचं बोट धरून असायचे. आपल्याला पायरी चढायची नव्हती. मास्तर आतूनच सांगायचा, तुझं काय आलेलं नाय." पोस्ट आणि आमची वस्ती यांच्यामध्ये एक ओढा होता, गुडघाभर पाण्याचा. तो ओलांडून यायला कुणाला विटाळ होत होता, म्हणून माझा आजोबा गावाच्या नजरेत खोटारडा होऊन मेला. मला हे लिहिताना आजही संताप येतो आणि तो यावाच असं मला वाटतं.

पुढे काय करायचं याचे दोन मार्ग पत्रात दिले होते. कार्यालयात येऊन हातोहात घेऊन जा, किंवा सोयीचा पत्ता कळवा. साहेब म्हणाला, वकिलातीतर्फे मस्कतला मागवतो, आठवड्यात येईल, इथं छोटा समारंभ करू. मी ते आईला फोनवर सांगितलं.

"पोस्टानं पाठवा," ती म्हणाली. "बापाच्या पत्त्यावर. पोस्टमन माज्या दारात आला पायजे."

तसंच झालं. पाकीट आल्याचं पोस्टातून कुणीतरी सांगत आलं की येऊन घेऊन जा. आई गेली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही. तिसऱ्या दिवशी पोस्टमन सायकल हातात धरून ओढ्यावरच्या साकवावरून आला. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नव्हता, नोकरीला लागून त्याला वर्षही झालं नव्हतं. आईनं त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि सगळी वस्ती जमल्यावर बापाचं नाव आधी मोठ्यानं वाचायला लावलं. मगच सही केली.

त्या नोव्हेंबरात ती पुन्हा मस्कतला आली, पदकं पिशवीत घेऊन. साहेबानं तिला आठवणीच्या दिवसाला बोलावलं होतं. आदल्या दुपारी आम्ही तिघं मस्कतमधल्याच हमरियाच्या बाजारात गेलो. तिथं गणवेश शिवणारा रत्नागिरीकडचा एक मुसलमान शिंपी होता. साहेबाची पट्टी गेली वीस वर्षं तोच बांधायचा, आणि कापून काढलेला तारा त्यानंच परत जागेवर बसवला होता. त्यानं आईची तीन पदकं पट्टीवर ओळीत लावली, रिबिनी ताणल्या, मागून टाके घातले. मग विचारलं, "चाची, कंच्या बाजूला लावू?"

साहेबानं उत्तर दिलं. घरच्या माणसानं घालायची तर उजव्या बाजूला. डावी बाजू ज्यानं कमावली त्याची. हा नियम आहे. लेकीनं डावीकडे घालता येत नाही.

आईनं पट्टी हातात घेतली आणि साडीच्या पदरावर डाव्या बाजूला धरली. "हितं."

"बाईजी, ग़लत है."

"माज्या बापाच्या ह्या बाजूला लागायची व्हती. लागली नायत. चार वर्सं त्यानं काढली बर्मात. पुढची पन्नास मी काढली, ही आनायला. ती कोन मोजनार?"

मी भाषांतर केलं. एक शब्दही मऊ केला नाही. शिंपी सुई हातात धरून साहेबाकडे बघत राहिला. साहेब नियमासाठी जीव देणारा माणूस. मॅनेजरची टाय वाकडी असली तर भर मीटिंगमध्ये सांगणारा. त्यानं आईकडे पाहिलं. आईनं नजर खाली घेतली नाही.

"बिल्कुल ग़लत है," तो म्हणाला, आणि शिंप्याकडे वळला. "थोड़ा ऊपर लगाओ. और सीधा."